न आलेल्या रस्त्यावरचं घर

ड्यूटीला निघताना हा माणूस दाराबाहेर येऊन घराच्या भिंतीवर तळहाताने दोन थापा मारायचा. शेतकरी बैलाच्या पाठीवर मारतो ना, तशा. मग सायकलवर टांग टाकायचा. कुणी पाहत असलं तर आणखी एक थाप, जरा जोरात.

"पडेल ना भिंत एखाद्या दिवशी!" मी म्हणायचो.

"पडू द्या. पुन्हा बांधीन. घर का इकाले बांधलं मी?"

हे त्याचं पालुपद. पहिल्यांदा ऐकाल तर वाटेल, काय गुर्मी आहे! पण त्या घराची कथा आम्हाला ठाऊक होती.

मी रेल्वेत, दुर्ग स्टेशनवर. तो म्हणजे भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाचा खलाशी. जहाजावरचा नव्हे हो, लोखंडाची अजस्र धुडं साखळदंडाने उंचावर चढवणारा खलाशी. मूळचा भंडाऱ्याकडचा. दिवसभर हिंदी बोलून जीभ आंबली की आम्ही दोघं एकमेकांना शोधायचो, तीच आमची ओळख.

त्या दिवसांत मोजणीवाले माळामाळावर लाल झेंड्यांच्या खुंट्या ठोकत फिरायचे. आमच्या वस्तीशेजारच्या माळावर अशीच एक रांग उभी राहिली. कुणीतरी पुडी सोडली, कारखान्याच्या गेटाकडे जाणारा मोठा रस्ता इथूनच जाणार. झालं! गड्याने दुर्गच्या एका सावकाराकडून कर्ज काढलं, जागा घेतली, घर बांधलं आणि तेच घर त्याच्याकडे गहाण ठेवलं. दार खुंट्यांकडे, पुढे ऐसपैस ओटा, मागे भाड्याच्या खोल्या. कामगारांसाठीचे सेक्टरमधले क्वार्टर तेव्हा व्हायचे होते, त्यामुळे भाडेकरूंची रीघ लागली.

आणि एके दिवशी मोजणीवाले पुन्हा आले, खुंट्या उपटून घेऊन गेले. रस्ता भलतीकडूनच गेला. पाठोपाठ क्वार्टर तयार झाले, भाडेकरू पाखरांसारखे उडाले. घराचा भाव असा कोसळला की ते विकलं असतं तरी निम्मं कर्जसुद्धा फिटलं नसतं.

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," माझे वडील त्याच्या तोंडावर म्हणाले.

"कोंबडी जिती हाय ना पण, काकाजी!" तो हसत म्हणाला.

त्याच सुमाराला त्याने गावाहून आपल्या मायला आणलं. लुगड्यातली, काटकुळी म्हातारी. सकाळी ओट्यावर बसायची, पुढ्यात नुसता माळ आणि एक पायवाट. त्या वाटेने मी सायकलवरून स्टेशनला जायचो. मी दिसलो की म्हातारी गुडघ्यावर हात टेकून लगबगीने उठायची, पदर सावरून खाली बघत उभी राहायची. मीच नाही, पोस्टमन आला तरी उठायची. यांचं गावाकडचं घर गावकुसाबाहेरचं. वाटेने कुणी मोठ्या घरचा जाऊ लागला की उठून उभं राहायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. मला फार अवघड व्हायचं. शेवटी त्याच्यापाशी बोललो.

"मी सांगून सांगून थकलो, भाऊ," तो म्हणाला. "तुमी एक करा. सायकलवरून उतरत जा. दोन गोष्टी करत जा तिच्याशी. मंग पाहू, कशी उठते तं."

मी उतरू लागलो. माय, जेवली का? माय, थंडी काय म्हणते? पहिले काही दिवस ती तरीही उठायचीच. मग अर्धीच उठू लागली.

अशात त्याला क्वार्टर मिळालं. नळ, लाइट, पोरांना शाळा. त्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना, अस्मान ठेंगणं झालं. त्यांनी भांडी पोत्यात बांधूनही टाकली. आणि त्याच आठवड्यात सावकार स्वतः आला. त्याला सिमेंटची पोती ठेवायला गोदाम हवं होतं. तेव्हा मी ओट्याशीच उभा होतो, म्हणून सांगतो.

"मकान मेरे नाम कर दे," सावकार म्हणाला, "समझ, पूरा कर्जा माफ."

बुडत्याला याहून मोठा दोर कोण देणार? मी तर मनात म्हटलं, घे बाबा, गंगेत घोडं न्हालं. दारात उभ्या वहिनींचा चेहरा खुलला.

आणि माय उठू लागली. एवढा मोठा माणूस दारी आलेला, ती कशी बसणार? गुडघ्यावर हात टेकला, कंबर उचलली. लेकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस माय. आपल्या घरच्या ओट्यावर हायेस तू."

म्हातारीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सावकाराकडे. आणि बसली. सावकार उभा, म्हातारी बसलेली.

"सेठजी," तो म्हणाला, "किस्त पगार के दिन मिल जाएगी. घर नहीं मिलेगा."

सावकार 'पागल है' असं पुटपुटत गेला. वहिनी आत गेल्या. आता भांड्यांची आदळआपट ऐकू येणार म्हणून आम्ही दोघं श्वास रोखून उभे. आवाज आला खरा, पण पोत्यातून भांडी बाहेर काढण्याचा.

"खुश होऊ नका," त्या आतूनच ओरडल्या, "मले नळ पाहिजेच!"

क्वार्टर त्याने परत केलं. मग काय ओव्हरटाइम केला म्हणता! जिथे चढायला दुसरे कचरायचे तिथे हा आधी. घराच्या किमतीहून मोठं कर्ज त्याने पैन्‌पै फेडलं, आणि मागच्या अंगणात हातपंपही बसवला. माय तो सगळा काळ ओट्यावर बसून होती. पुढे पुढे तर मला लांबूनच हाक मारायची, "कावून रे, आज उशीर?" बसल्या बसल्या.

माय गेली. बऱ्याच वर्षांनी तोही गेला. शेवटी इथेही एक रस्ता झाला, पण घराच्या मागच्या बाजूने. दार अजून पायवाटेकडेच आहे. घराला आता म्हणे चांगला भाव आलाय. वहिनी दलालाला ओट्यावरूनच परत पाठवतात.

माझी सायकल जाऊन स्कूटर आली. पण त्या ओट्यापाशी आलो की मी अजून खाली उतरतो. ओटा रिकामा असतो. तेवढा पल्ला मी स्कूटर ढकलत, पायीच जातो.