आतोबांची भवानी

आमच्या आतोबांइतका चिडका माणूस ठाण्यात दुसरा झाला नाही. झाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी आतोबांना मासे मोजताना पाहिलेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नौपाड्यात बिऱ्हाड, चातुर्मासात कांदा वर्ज्य आणि नोकरी मात्र मासळीखात्यात! स्वातंत्र्य नवं होतं आणि खाडीत मासळी किती उरली आहे हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. मासे बारके होत चालले असतील तर बारीक विणीची जाळी बंद करायची, असा बेत होता. म्हणून रोज सकाळी आतोबा लाकडी पट्टी घेऊन चेंदणीच्या बंदरावर जात. पण पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाल्याशिवाय कोळणी टोपलीला परका हात लावू देत नसत. तेव्हा हा शाकाहारी गृहस्थ रोज स्वतःच एक मासा विकत घेऊन भवानी करी आणि तो शेजारच्या कारकुनाला नेऊन देई. गल्लीतली मांजरं त्यांच्या मागून वरातीसारखी चालत. आत्या पट्टी घरात घेऊ देत नसे, ती परसात खुंटीला लटकलेली असे.

चिडायला त्यांना कारण लागत नसे. डोंबिवलीच्या एका लग्नात त्यांनी लाडवांच्या परातीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळाचे लाडू वर काढून आचाऱ्याला भर मांडवात विचारलं, "वर मोठे आणि खाली सुपाऱ्या? ही फसवणूक कोणाची?" मुलीच्या बापाने हात जोडले तेव्हा कुठे पंगत पुढे सरकली. आणि हाच माणूस बंदरावर चिमटीत धरून टोपलीतले वरचे चार-सहा मासे मोजायचा! खाली हात घालायची शिसारी. त्याचा मला आजही संताप येतो.

आकडे मात्र उत्तम निघाले. मासे वर्षागणिक मोठे होत होते. साहेबांनी पाठ थोपटली. आतोबांनी ही खुशखबर नेहमीच्या म्हाताऱ्या कोळणीला दिली, "मासळी वाढतेय तुमची! बारीक जाळी चालू राहणार." ती आधी हसली, मग तिने टोपली त्यांच्या पायाशी उपडी केली. वरचे दोन-चार सोडले तर सगळी बोटभर पिल्लं.

"तू भवानीचा गिऱ्हाईक, भाऊ," ती म्हणाली. "तुला बारका कसा दाखवू? तुजेसाठी मोठा मोठा वर लावतो आमी."

आतोबा तसेच कचेरीत गेले. "माझे आकडे खोटे आहेत. ते मागे घ्या."

"आकडे छान आहेत हो. वर गेलेसुद्धा," साहेब म्हणाले.

माणूस आपण होऊन सांगतोय, मी चुकलो. आणि सरकार म्हणतं, तुम्ही चुकूच शकत नाही! आतोबांनी टेबलावर पट्टी आपटली. त्यांची बदली कल्याणच्या कचेरीत झाली, जिथे मासा फक्त कागदावर येई. बारीक जाळी खुशाल चालू राहिली. आतोबा मात्र दर रविवारी ठाण्याच्या बंदरावर जात, बाही सरसावून टोपलीच्या तळाशी हात घालत आणि कोणी न मागितलेली मोजणी करत. आत्याने पट्टी केव्हा घरात घेतली, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे ते अंथरुणाला खिळले. एका सकाळी मी तिथे असताना ती म्हातारी कोळीण टोपली घेऊन थेट त्यांच्या दारात आली. त्यांच्या गल्लीत हे कधी घडलं नव्हतं. आत्याने तिला आत घेतलं.

"भवानी कर, भाऊ," ती म्हणाली.

आतोबांनी उशाची पट्टी चाचपली. "तळाचा दाखव."

"आता तळ नि वर काय नाय रे. सगला सारकाच. वर लावाया मोठा गावतच नाय."

मी वाट पाहत राहिलो. आता ते चिडतील, साहेबाचा उद्धार करतील, असं मला वाटलं. तसं व्हावं अशी माझी फार इच्छा होती. आतोबांनी टोपलीतला एक मासा उचलला, तळहातावर ठेवला. तो तळहातातच मावला. मग त्यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि आत्याला म्हणाले, "हिला चहा दे."