जिना विहिरीत कसा गेला

“मॅडम, सीढ़ी कुएँ में जा रही है.” साइट सुपरवायझर यादवचा फोन. मला वाटलं, लाइन खराब आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मीरा रोडला बिल्डिंगवर बिल्डिंग उठत होत्या आणि मी भाईंदर पश्चिमेला मेहता सरांच्या ऑफिसात आर्किटेक्ट होते. रिक्षा करून साइट गाठली. लाइन-आउट झालं होतं, म्हणजे पायाच्या रेषा चुन्याने जमिनीवर आखल्या होत्या. जिना खरंच जुन्या विहिरीवर आला होता. नशीब, खोदाई सुरू झाली नव्हती.

प्लॅन उघडला. मापं बरोबर, अक्षरं सुरेख. फक्त अख्खी बिल्डिंग उलटी, आरशात दिसावी तशी.

ट्रेसिंग विलास गायकवाडचं. लातूरकडचा, आमचा सगळ्यात पक्का ड्राफ्ट्समन. ट्रेसिंग म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून गिरवायचं. मूळही तसल्याच कागदावर असतं. ते पालथं पडलं तर रेषा उलट्या दिसतात. पण मग अक्षरंही उलटीच दिसणार. ती ह्याने सुलटी कशी लिहिली? रागवायचं राहूनच गेलं, मला हेच कोडं पडलं.

ऑफिसात आल्यावर मूळ कागद त्याच्यापुढे मुद्दाम पालथा ठेवला. “वाच.”

“किचन, बेडरूम, पॅसेज...” तो धडाधड वाचत गेला. मग थांबला. “मॅडम, हे उलटं आहे.”

“ट्रेस करताना दिसलं नाही?”

“दिसलं असेल. हात चालत होता.”

मी कागदावरची तारीख पाहिली. रविवारची होती; कामं इतकी होती की ऑफिस रविवारीही चालायचं. “रविवारी घरी कधी होतास शेवटचा?”

त्याने आठवून पाहिलं. “पोरीच्या बारशाला.”

“केवढी झाली आता?”

“चालते म्हणे. मी असतो तेव्हा झोपलेली असते.”

मेहता सर ऐकून म्हणाले, “मेमो द्या त्याला.”

“सर, चेकिंगची सही तुमची आहे. रविवारचीच.”

त्यांनी प्लॅन हातात घेतला, बराच वेळ पाहिला. मग तो पालथा कागद मागवला आणि स्वतः वाचू लागले. पॅसेजपर्यंत तेही बिनचूक गेले.

“कमाल आहे,” ते हळूच म्हणाले. “मग करायचं काय?”

“रविवार बंद ठेवू या.”

“बिल्डर थांबेल?”

“पाया उलटा भरला असता तर थांबलाच असता.”

रविवार बंद झाले. कामं रेंगाळली, एक बिल्डर दुसरीकडे गेला. पहिल्या सोमवारी विलास जरा ओशाळून म्हणाला, “पोरगी मला बघून रडली. पाहुणा वाटलो तिला.” महिन्याभराने मात्र तो उशिरा यायला लागला, निघताना ती पाय सोडत नाही म्हणे.

पुढे मी बरीच वर्षं ड्रॉइंग्ज तपासली. हुशार माणसाची बावळट चूक दिसली की मापं नंतर बघायचे. आधी विचारायचे, सुट्टी कधी घेतली होतीस?