सुनेचं जेड

देगलूरच्या आमच्या व्याह्यांसारखा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांनी तो लपवून ठेवला असणार. गृहस्थांचा उभा जन्म सोयाबीनच्या आडतीत गेला. पोत्यात भरता येत नाही त्या झाडाकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण लग्नात माझ्या मुलीने रुखवतावर चहाच्या कपात जेड या शोभेच्या झाडाची एक फांदी मांडली आणि व्याही कायमचे बिघडले. जाड, गुबगुबीत पानांच्या त्या फांदीचं त्यांनी हातभर उंच झुडूप केलं. काळ्या मातीला त्यांनी साफ नकार दिला. ‘‘आपली माती पाणी धरून बसती, पाव्हणं. ह्येला त्ये झेपत न्हाई,’’ असं सांगून आडतीच्या चाळणीने ते विटांचा चुरा चाळत बसत. धूळ बसू नये म्हणून बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानातलं काचेचं कपाट आणून बैठकीत खिडकीशी ठेवलं. येणारा पाहुणा पेढ्यांच्या आशेने आत डोकावे आणि हिरमुसून खुर्चीत बसे.

खरं भांडण पाण्याचं होतं. आमच्याकडे तांब्यात उरलेलं पाणी कुणी मोरीत ओतत नाही, ते झाडाला घालतात. टँकरमागे धावलेल्या माणसांना कोरडी कुंडी बघवत नाही. त्यामुळे जो येई तो जेडला पाणी पाजी. शेवटी व्याह्यांनी कपाटाला आडतीचं कुलूप लावलं. पुढे माझ्या मुलीला हैदराबादला शिकायला प्रवेश मिळाला. सुनेला कशाला धाडता, असं चारचौघांनी सुचवून पाहिलं. व्याही तिला एवढंच म्हणाले, ‘‘तू जा बाळ. परत येशीपर्यंत झाड माझ्या जिम्म्यात.’’ अशा घरात मुलगी दिली म्हणून मी आजही ताठ मानेने फिरतो.

मग एका लग्नासाठी ते आठ-दहा दिवस धर्माबादला गेले आणि किल्ली विहीणबाईंकडे राहिली. नेमकी त्यांच्या माहेरची मंडळी आली. कोंडलेल्या झाडाची सगळ्यांना दया आली आणि तांब्यामागून तांब्या रिता झाला. व्याही परतले तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी खोड दाबून पाहिलं, तर ते पिकल्या केळ्यासारखं मऊ. चाकूने एक धड फांदी कापली आणि सावलीत वर्तमानपत्रावर ठेवून दिली.

‘‘आता बिनपाण्याचं मारून राहिले,’’ विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या.

‘‘जखम वाळू दे. ओली लावली तर पुन्हा सडंल.’’

तेव्हापासून सुनेचा व्हिडिओ कॉल आला की व्याही फोन छताकडे धरत. पोरीने पंखा तेवढा बघितला.

दिवाळीत ती आली आणि थेट कपाटाशी गेली. आत वीतभर रोप.

‘‘मामा, एवढंसं कसं झालं?’’

विहीणबाईंचा चेहरा उतरला. व्याही पुढे होऊन म्हणाले, ‘‘माझ्या जिम्म्यात व्हतं. मलाच न्हाई सांभाळता आलं.’’

पोरीने कुंडी उचलली. नवी कोवळी पानं निरखली. ‘‘बरंच झालं, मामा. आता हे बसमधून नेता येईल. माझ्या खोलीत खिडकी आहे.’’

जाताना व्याह्यांनी कुंडी स्वतः तिच्या मांडीवर ठेवली आणि बस फाट्यापलीकडे जाईपर्यंत ते रस्त्यात उभे राहिले.

परवा मी बैठकीत असताना एका गिऱ्हाइकाने विचारलं, ‘‘शेठ, झाड कुठं गेलं?’’

‘‘सुनेसंग हैदराबादला शिकून राहिलंय,’’ व्याही छाती फुगवून म्हणाले. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र धोतराचा सोगा घेऊन ते त्या रिकाम्या कपाटाची काच बराच वेळ पुसत राहिले.