नाकावरचा पदर

चैतालीच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेला असतो, असं तिचे नातेवाईक ती लहान असल्यापासून म्हणत आले. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या रागाचं तिने पुढे काय केलं, हे त्यांना कधी नीट कळलं नाही. तिने त्याची चित्रं केली. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी संध्याकाळी कोण कुणाला कसं आडवं जातं, हे तिने बाण आणि रंग वापरून असं काढलं की आडवे जाणारेच ते चित्र हसत हसत एकमेकांना पाठवत बसले. सुनेचा दिवस कुठे जातो याचं भाकरीसारखं गोल चित्र काढलं, त्यात सुनेच्या स्वतःच्या वाट्याला आला नुसता पापुद्रा. त्याखाली सासवांनी जे लिहिलं ते न सांगितलेलं बरं. असल्या चित्रांना इन्फोग्राफिक म्हणतात. तिची आई नवसाबाई त्याला 'चैतालीचे बाण' म्हणायची.

नवसाबाईचा मखमलाबादला मोगऱ्याचा मळा होता. उजाडायच्या आत कळ्या खुडायच्या आणि पंचवटीत देवळाबाहेर कारभारी फुलवाल्यांच्या दुकानावर पोचवायच्या, हा तिचा सारा जन्म. खुडताना ती नाकावरून पदर घट्ट बांधून घ्यायची. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण मोगऱ्यात उभं राहून वास घ्यायचा नाही म्हणजे काय, ते मळ्यात गेल्याशिवाय कळायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पहाटे सासूने तिचा पदर असा बांधून दिला होता. तेव्हापासून बाईने खाली पडलेली कळीसुद्धा नाकाशी नेली नाही.

याच आईचं चित्र चैतालीने काढलं. कळी कधी खुडतात, ओल्या फडक्यात कशी गुंडाळतात, कुठल्या रस्त्याने जाते, गाभाऱ्यात कधी पोचते, सगळं बाणाबाणांनी. आणि मधोमध आई. पदराआडून दिसणारे फक्त डोळे. खाली लिहिलं, 'नवसाबाई, मखमलाबाद'. कुठकुठच्या लोकांनी त्याखाली आपापल्या आज्यांच्या आठवणी लिहिल्या. चैतालीला पहिल्यांदाच राग न येता रडू आलं.

मग आला आयुष. गंगापूर रोडवर त्याची पूजेची फुलं घरपोच देणारी कंपनी होती. जाहिरातीसाठी त्याला हे चित्र हवं होतं. चैतालीने एकच अट घातली, चित्राला हात लावायचा नाही. "शंभर टक्के," तो म्हणाला.

जाहिरात आली आणि चैतालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पदर गायब! त्या जागी कुणीतरी गोरी, तुकतुकीत बाई. आईच्या हनुवटीवरचं गोंदण नाही, डोळ्यांखालच्या सुरकुत्या नाहीत. डोळे मिटून, ओंजळभर कळ्या नाकाला लावून ती हसत होती. बाण पुसले होते. नाव तेवढं शिल्लक ठेवलं होतं. आणि वर ओळ, 'नवसाबाईंच्या श्वासातला ताजेपणा, थेट तुमच्या देवघरात!'

ती तशीच गंगापूर रोडला गेली. आयुषने हसून खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"झाकलेला चेहरा निगेटिव्ह वाटत होता," तो म्हणाला. "गावाकडची बाई आनंदी दिसायला हवी ना. बघ, लाइक्स किती आलेत."

"तुझ्या घरी देवाला फुलं कोण वाहतं?"

"आजी."

"तिला दाखवलंस हे?"

"आजी इन्स्टावर नाहीये."

असल्या उत्तरावर माणसाने काय बोलावं? चैताली बरंच बोलली. पलीकडच्या ऑफिसातली माणसं दारात येऊन उभी राहिली. पुढच्या जाहिरातीत बदल करू, यापलीकडे आयुष हलला नाही.

इकडे व्हायचं ते झालंच. कुणीतरी कारभारींना मोबाइल दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी नवसाबाईची पाटी भरलेलीच परत आली. "मला ठाऊक हाय, तू तसली नाय," ते तिला म्हणाले होते, "पण गिऱ्हाईक विचारतं, ही हुंगून इकती का? मी काय सांगू?" नवसाबाई घरी येऊन एवढंच बोलली, "ल्येकी, जन्मभर पदर बांधला गं." त्या एका वाक्याने चैतालीला जे झालं, ते कुठल्या बाणाने दाखवता आलं नसतं.

तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. इथे पदर होता. इथे त्याआड गोंदण होतं. इथे माझी आई होती. प्रत्येक जागेवर लाल बाण. हे चित्र वणव्यासारखं पसरलं. त्याखाली भांडणं जुंपली. कुणी म्हणालं, पदर ही गुलामीच. कुणी म्हणालं, अंधश्रद्धा. एकाने विचारलं, अक्षरं कुठली वापरलीत, फार सुंदर आहेत. कंपनीने जाहिरात गुपचूप काढून टाकली, माफीचा एक शब्द नाही. आणि इतक्या शहाण्यांत एकानेही विचारलं नाही, की त्या बाईची फुलं आता कोण घेतं? पाट्या रोज परत येत होत्या.

मग एका पहाटे कारभारी स्वतः मळ्यात आले. चैताली आईसोबत कळ्या खुडत होती.

"नवसाबाई, फुलं तुझीच घेतो," ते बांधावरून म्हणाले. "फक्त तू दुकानावर येऊ नको. चांगुणाच्या पाटीतून पाठवत जा, तिच्या नावानं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

चांगुणा म्हणजे शेजारच्या मळ्यातली बाई. चैताली तोंड उघडणार तोच आईने हाताने तिला गप्प केलं.

"म्हंजे फुलं चालत्यात. मी नाय चालत."



नवसाबाईने नाकावरचा पदर सोडला. सावकाश पाटीत दोन्ही हात घातले, ओंजळ भरली आणि चेहऱ्याला लावली. डोळे मिटून तिने असा श्वास ओढला की खांदे वर आले. हसू मात्र नव्हतं. कारभारी एक पाऊल मागे सरले.

"एवढा वास असतो व्हय याला," ती म्हणाली. मग ती ओंजळ तिने परत पाटीत टाकली, वरखाली कालवली आणि पाटी त्यांच्या पायाशी नेऊन ठेवली.

"आता हुंगली. समदी हुंगली. न्या चांगुणाच्या नावानं."

कारभारींनी पाटीला हात लावला नाही. ते गेले तरी नवसाबाई तशीच उभी होती, चेहरा उघडा, हनुवटीवरचं गोंदण उजाडत्या प्रकाशात.

"चैताली," ती म्हणाली, "आता काढ चितर. आन् खाली माझं नाव घालायला इसरू नको."