उजवीकडची जागा

सियागंजच्या बाजारात मी कस्टमचे कागद करणाऱ्या एजंटाकडे कामाला आहे. समोरच्या ठेल्यावर एक वयस्कर गृहस्थ रोज पोहे खायला यायचे. खाऊन झाले की आपल्या गाडीचं डावं दार उघडायचे, आत स्टिअरिंग नाही हे पाहून ते लावायचे आणि वळसा घालून उजवीकडे जायचे. दुबईत जन्म गेला म्हणे. मला हसू यायचं.

एकदा ते ऑफिसात आले. आपली दुबईतली जुनी गाडी इकडे आणता येईल का, विचारलं. मी मान वर न करता म्हणालो, "नाही जमणार, काकाजी. डावं स्टिअरिंग चालत नाही, तीन वर्षांहून जुनी चालत नाही. चालली असती तरी ड्यूटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. भंगारात काढा, झंझट खतम."

त्यांनी हातातली किल्ली खिशात ठेवली. "वीस वर्षं बायको माझ्या उजवीकडे बसली, भिया. आता ती नाही. इथे गाडी चालवायची म्हणजे तिच्या जागेवर बसावं लागतं."

नियम मी बरोबर सांगितले होते. भंगाराचं तेवढं बोलायला नको होतं.

आजही ते आधी डावं दार उघडतात. मग उजव्या दाराशी जरा थांबतात. ते थांबणं मी इतके दिवस पाहिलंच नव्हतं.