पंचावन्नच्या आतली मार्लिस

मार्लिस ओफ्टडालच्या पिशव्या मी सहा वर्षं उचलल्या. दुकानातून गाडीत, गाडीतून तिच्या स्वयंपाकघरात. बटाटे, कलिंगडं, मांजराच्या वाळूची पोती. ती मागून कमरेवर हात ठेवून सावकाश यायची आणि म्हणायची, "डेल, देव तुझं भलं करो रे पोरा. माझ्यानं आता होत नाही." आणि मी, अठ्ठावन्न वर्षांचा पोरगा, पाठीत कळ घेऊन हसत म्हणायचो, "असू द्या हो, तुम्ही बसा."

मेस्किट बेंडमध्ये अठ्ठावन्न म्हणजे पोरगाच. आमच्या गावाचा नियमच तसा आहे. प्रत्येक घरात निदान एक माणूस पंचावन्न पूर्ण झालेलं हवं आणि एकोणिसाच्या आतलं कुणी कायमचं राहता कामा नये. नातवंडं येतात ती दिवस मोजून येतात आणि पाहुण्यांच्या यादीत नाव लिहून पोहायला जातात. शांतता हवी म्हणून लोक सगळं आयुष्य विकून ॲरिझोनाच्या या वाळवंटात येतात आणि आल्यावर दिवसभर एकमेकांना फोन करत बसतात. ओळख करून घ्यायची पद्धतही इथली आहे. नाव नंतर, आधी विचारायचं, "गुडघा कुठला बदलला, डावा की उजवा?"

तर मार्लिस. वय अडुसष्ट, विधवा, मिनेसोटाची. केस पांढरेशुभ्र, वळणदार, हिवाळ्यातल्या तिकडच्या टेकडीसारखे. तिनं गाडीच्या शेडमध्ये एक जुनी सलूनची खुर्ची आणून टाकली होती, आणि मंगळवार ते शुक्रवार ती गावातल्या बायकांचे केस करायची. नुसते करायची म्हणणं अन्याय होईल. फर्न लुट्झच्या डोक्यावर मोजून चाळीस केस असतील. मार्लिस त्या चाळीसांचा असा डोंगर उभारायची की फर्न रविवारी चर्चमध्ये मागच्या तीन रांगांचा धर्म बुडवायची. ज्यांना हात डोक्यापर्यंत नेता येत नव्हता त्यांचे केस ती घरी जाऊन धुवायची. नवरे गेलेल्या बायका तिच्या खुर्चीत बसून रडायच्या, आणि उठताना तांबूस-तपकिरी होऊन उठायच्या.

पंचाईत झाली ती वाट बघणाऱ्यांची. सकाळी नवापासून शेडमध्ये घडीच्या खुर्च्या टाकून सात-आठ जणी बसायच्या. कुणी केक आणायची, कुणी शेजारणीची बातमी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथे बस थांबते. एके दिवशी खरंच एक परका माणूस येऊन विचारून गेला म्हणतात. कुणीतरी निनावी तक्रार केली, आणि नगर कार्यालयाचा कागद मार्लिसच्या दारावर चिकटला: राहत्या घरात धंदा चालवायचा तर तीस दिवसांत परवाना घ्या, नाहीतर खुर्ची हलवा.

"सोबत येतोस का?" ती म्हणाली. "त्या फॉर्मांचं मला काही कळत नाही."

मी तिला घेऊन गेलो. दार उघडून धरलं. खिडकीपाशी तिच्यासाठी खुर्ची ओढली. पलीकडे एक च्युइंगगम चघळणारी मुलगी होती. तिनं मार्लिसचं ड्रायव्हिंग लायसन्स घेतलं, फॉर्मशी ताडून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि चघळणं थांबवलं.

"बाई, तुम्ही इथे वय अडुसष्ट लिहिलंय."

"हो."

"लायसन्सवर त्रेपन्न होतंय."

मी हसलो. म्हटलं, "अगं पोरी, नीट वजाबाकी कर. घाईत चूक होते."

"वजाबाकी मशीन करतं, साहेब."

मी मार्लिसकडे वळलो, दोघांनी मिळून हसावं म्हणून. मार्लिस हसत नव्हती. ती टेबलाच्या कडेवरचा एक ओरखडा नखानं खरवडत होती. त्रेपन्न! माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान! ती सगळी पोती माझ्या डोळ्यांसमोरून एकामागून एक गेली.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आणि केस?"

"पंधरा दिवसांनी एकदा रंगवते," ती म्हणाली. "मुळं तपकिरी दिसायला लागतात ना."

केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत, असं लोक अभिमानानं म्हणतात. मार्लिसचे बाटलीनं झाले होते. गावातल्या शंभर बायकांचे पांढरे केस तपकिरी करणारी ही बाई दार लावून स्वतःचे तपकिरी केस पांढरे करत होती! मी आयुष्यात पुष्कळ खोटी वयं ऐकली आहेत, पण सगळी खालच्या दिशेनं.

मग तिनं सांगितलं. घर घेतलं तेव्हा नवरा, लीलंड, साठीचा होता. त्याच्या वयावर दोघांनाही राहता आलं असतं. मिनेसोटातलं घर विकलं, सामान ट्रकमध्ये चढलं, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात लीलंड अंगणातलं बर्फ ओढताना खाली बसला तो उठलाच नाही. ती सत्तेचाळीस वर्षांची. मागे घर नाही, पुढे घर आहे पण आत जायचं वय नाही.

"ट्रकवाला विचारत होता, जायचं कुठे," ती म्हणाली. "मी रंगाची बाटली घेतली आणि म्हटलं, ॲरिझोना."

"पण कंबर? गुडघे?"

"बघून बघून शिकले. इथे शिकवायला काय कमी माणसं आहेत?"

नगर कार्यालयानं परवान्याचं प्रकरण गावाच्या मंडळाकडे पाठवलं, आणि दोन आठवड्यांनी मंडळापुढे सुनावणी ठरली. घरात पात्र वयाचं माणूस नाही, तर घर सोडावं लागणार, आणि घर गेलं की खुर्चीही गेली. मला वाटलं, बायका तिच्यासाठी रस्त्यावर उतरतील. उतरल्या, पण तिच्याविरुद्ध! नियम मोडला याचं कुणाला काही नव्हतं. शेडमध्ये रोज बसणारी इमोजीन पॅक्स्टन माझ्या दारात काठी आपटत उभी राहिली.

"माझं गुडघ्याचं मलम तिला दिलं रे मी! अर्धी ट्यूब! माझ्यासमोर 'आई गं' करत उठायची ती!"

"त्यांनी नको म्हटलं असेल—"

"त्यांनी? अजून 'त्यांनी'? अरे, तुझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहे ती! आम्ही तिला दुखणी सांगितली, डेल. सगळी! अगदी तुला सांगता येणार नाहीत तीसुद्धा. आणि ती मान हलवून म्हणायची, 'मलाही तसंच होतं.' कुठून होतंय हिला? मोटार चालवते ती रात्री! मला तेव्हाच कळायला हवं होतं."

ते दोन आठवडे शेड रिकामी होती. मार्लिस खुर्ची पुसून ठेवायची, आरसा पुसायची, आणि कुणीच यायचं नाही. गावातल्या डोक्यांवर पांढऱ्या रेघा उगवायला लागल्या. तरी एकही बाई फिरकली नाही.

सुनावणी क्लबहाउसमध्ये, सकाळी दहाला. आमच्याकडे दहाचा कार्यक्रम म्हणजे साडेआठला जागा संपतात. मंडळाची अध्यक्ष फर्न लुट्झच. डोंगर खचून सपाट झालेला. वयाची पडताळणी करायचं काम हार्लन टिबिट्सकडे. चौऱ्याऐंशीचे, रेल्वेत सिग्नल तपासण्यात जन्म गेलेला, इस्त्रीचा शर्ट आणि खिशात मोजपट्टी. त्यांनी नियम वाचला: शंभरातल्या ऐंशी घरांत पंचावन्नच्या वरचं माणूस असल्याचा पुरावा गावाकडे हवा, नाहीतर ज्येष्ठांचं गाव हा दर्जाच जातो. उरलेल्या विसांत कुणाला राहू द्यायचं ही मंडळाची मर्जी.

मार्लिस उठली. या वेळी झटकन उठली, आणि सभागृहात एक दुखावलेला हुंकार फिरला.

"कंबर खोटी होती," ती म्हणाली. "गुडघे खोटे होते. इमोजीन, मलम मी वापरलं नाही, कपाटात आहे, परत देते. पण लीलंड खरंच गेला. तुम्ही खुर्चीत बसून नवऱ्याबद्दल बोलायचात, तेव्हा मी 'मलाही तसंच होतं' म्हणायचे ते खोटं नव्हतं. मला दुसरं घर नाही. बस, एवढंच."

कुणी टाळी वाजवली नाही. इमोजीन मात्र उठली. "मला एक कळू दे. दर दोन वर्षांनी पडताळणी होते. मग ही तीनदा सुटली कशी? हार्लन, तुम्ही हिचं लायसन्स पाहिलं नाहीत?"

हार्लनचे कान लाल झाले. "नाही."

"का?"

"मी घरात गेलो. त्यांचे केस पाहिले. खूण केली."

"विचारलं नाहीत?"

"मॅडम," हार्लन ताठ उभे राहिले, "माझ्या आईनं मला शिकवलंय. बाईमाणसाला वय विचारायचं नसतं."

मी कपाळाला हात लावला. वयाच्या पुराव्यावर उभं असलेलं आख्खं गाव, त्याचा वय तपासणारा एकुलता एक माणूस, आणि त्यानं बारा वर्षांत एकाही बाईला वय विचारलं नव्हतं! पुरुषांची लायसन्सं फायलीत नीट लावलेली. एकट्या राहणाऱ्या बायकांच्या घरांपुढे नुसत्या खुणा. तिथल्या तिथे हिशेब केला, तर पुरावा असलेली घरं शंभरातली पासष्टसुद्धा भरेनात.

"मग आत्ता तपासा!" इमोजीन गरजली. "सगळ्यांची! आणखी किती असल्या घुसल्यात बघू तरी!"

"बरोबर!" चारी बाजूंनी आवाज. "सगळ्यांची तपासा!"

हार्लननी घसा साफ केला. "नियम असा आहे, की हरकत घेऊन फेरतपासणी झाली तर प्रत्येक घराची जन्मतारखेसह यादी तीस दिवस सूचनाफलकावर लावावी लागते. सर्वांना वाचता यावी म्हणून मोठ्या अक्षरांत."

मी पुष्कळ शांतता ऐकल्या आहेत. वाळवंटात राहतो. पण ही वेगळीच होती. इमोजीन, जी गेली चार वर्षं एकाहत्तरची आहे, हळूहळू खाली बसली. मागच्या रांगेत कुणाचा तरी नवरा आपल्या बायकोकडे नव्या कुतूहलानं बघू लागला. स्वतः फर्न लुट्झ समोरच्या कागदावर काहीतरी नसलेलं वाचत होती.

"जन्मतारखेसह?" इमोजीननं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"वर्षासह," हार्लन म्हणाले.

"आणि हरकत नसली तर?"

"तर मी घरोघर जाऊन लायसन्स बघेन. डोळे उघडे, तोंड बंद. फलकावर काही नाही."

"माझी हरकत नाही," इमोजीन म्हणाली. "कधीच नव्हती. मी आपलं सहज विचारलं."

पुढचं सगळं चार मिनिटांत आटोपलं. मार्लिसचं घर त्या उरलेल्या विसांत धरावं, तिला पंचावन्न पूर्ण होईपर्यंत. घरच्या धंद्याचा परवानाही द्यावा. मंडळाचे पाचही हात वर. बाजूनं बोलायला एवढी माणसं उठली की मला धक्क्यावर धक्के बसत होते. "किती हुशार बाई!", "आणि तरुण रक्त हवंच की गावात!" एकटी मार्लिस उभीच होती, डोळे पुसत, आणि कुणी बसायला सांगत नव्हतं.

परवान्यावर अटी मात्र आल्या, त्या हार्लननी स्वतः मोजपट्टी लावून घातल्या. पाटी नको. एका वेळी एकच गिऱ्हाईक. शेडमध्ये किंवा घरासमोर कुणीही वाट बघत बसता किंवा थांबता कामा नये.

मंगळवारी सकाळी मी खिडकीतून पाहिलं आणि कॉफी सांडली. मार्लिसच्या खुर्चीत फर्न बसली होती, एकटीच. मार्लिसच्या केसांच्या मुळाशी बोटभर तपकिरी दिसत होतं. बाहेर ना खुर्च्या, ना केक. फक्त रस्त्यावरून आठ गोल्फ कार्ट एकामागे एक, माणूस चालेल त्या वेगानं, गल्लीला गोल प्रदक्षिणा घालत होत्या. कुणीही थांबत नव्हतं. पुढच्या कार्टमधली मागच्या कार्टमधल्या बाईशी मान वळवून ओरडून बोलत होती, आणि केकचं ताट चालत्या गाडीतून चालत्या गाडीत जात होतं.

"डेल!" माझ्या दारावरून जाताना इमोजीन ओरडली. "माझा नंबर पाचवा आहे. मागची मधे घुसली तर तू साक्षीदार!"