काकांचा पंचा

संगणक म्हणाला, ‘ही फाइल उघडायची परवानगी तुम्हाला नाही.’ फाइल माझीच, पण मी बायकोच्या नावाने आत शिरलो होतो! राग येण्याऐवजी कोकणातल्या आमच्या आचऱ्याच्या देवळातला कापूर दरवळला, आणि काका आठवले.

साठच्या दशकात मुंबईहून आलेला मी, नव्या नवरीला देवाचे दागिने दाखवायला ऐटीत निघालो. त्या वर्षीच्या पाळीचे मानकरी म्हणून दागिन्यांच्या खोलीची किल्ली माझ्या सख्ख्या काकांकडे होती.

"काका, मी!"

"घरी तू माझो पुतणो. हंय कोण रे तू?"

नवरी खुदकन हसली. माझा कोट घामाने भिजला.

दुसऱ्या दिवशी पाळी संपली. काकांनी किल्ली पुढच्या मानकऱ्याला दिली आणि खोलीच्या उंबरठ्याबाहेर उभे राहून त्याला म्हणाले, "आत माझो पंचो रवलो. तेवढो दी रे."